आरशातला चित्रकार: विल्यम ऑर्पेनच्या पद्धतीने तैलरंगातले आत्मचित्र

विल्यम ऑर्पेन (१८७८–१९३१) डब्लिनजवळच्या स्टिलॉर्गनचा. डब्लिनच्या मेट्रोपॉलिटन स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि मग लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये तो शिकला, आणि आयुष्यभर स्वतःला रंगवत राहिला. जून १९१७ मध्ये फ्रान्समधल्या कासेल गावी, युद्धचित्रकार म्हणून आघाडीवर जाण्याच्या काळात, त्याने आरशात बघून केलेले ‘रेडी टू स्टार्ट’ हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध. लाकडी फळीवर तैलरंग, आकार साधारण ६० बाय ५० सेंटीमीटर. डोक्यावर लोखंडी शिरस्त्राण, अंगावर जाड कोट, आणि समोरच्या टेबलावर बाटल्या व सोड्याचा सायफन. हे चित्र आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे.

आत्मचित्र करायला बसलेले बहुतेक जण नाक-डोळ्यांपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. ऑर्पेनकडून शिकण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे तो आरसा रंगवतो, आणि चेहरा त्या आरशात दिसणाऱ्या अनेक वस्तूंपैकी एक असतो. खोली, टेबल, खिडकीचा उजेड, टोपीची सावली हे सगळे आधी जागेवर बसते आणि चेहरा त्यातून आपोआप उभा राहतो. पुढची सगळी मांडणी याच क्रमाने आहे. सर जे. जे. कला विद्यालयाच्या व्यक्तिचित्रणाच्या वळणात शिकलेल्यांना यातले बरेच ओळखीचे वाटेल, कारण तेही ब्रिटिश अकॅडमिक शिक्षणातूनच आलेले आहे.

आरसा आणि जागा

आरसा ५ मिलिमीटर जाडीच्या काचेचा, सपाट आणि निदान ६० बाय ५० सेंटीमीटरचा घ्यावा. पातळ स्वस्त आरसे मधे फुगतात. तपासायला लांब पट्टी समोर आडवी धरून हळूहळू वर-खाली न्यावी. प्रतिबिंबातली पट्टी कुठे लचकली तर तो आरसा व्यक्तिचित्राला निरुपयोगी, कारण तोच लचका जबड्याच्या रेषेत उतरतो आणि चूक हाताची आहे असे वाटून आपण तासन्‌तास दुरुस्त्या करत राहतो.

आता एक भूमितीची गोष्ट, जिच्यावर सगळ्या चित्राचे माप अवलंबून आहे. आरशाच्या पृष्ठभागावर आपला चेहरा नेहमी खऱ्याच्या निम्मा असतो. आपण जवळ जा की लांब, त्यात फरक पडत नाही. हनुवटीपासून डोक्यापर्यंत २२–२३ सेंटीमीटरचे डोके काचेवर ११–११.५ सेंटीमीटर भरते. एक डोळा मिटून ओल्या खडूने काचेवर खुणा करून पाहा. याचा व्यवहारात मोठा उपयोग आहे: कॅनव्हास किंवा फळी आरशाएवढीच घेतली आणि आरशाशेजारी, त्याच उंचीवर व त्याच पातळीत उभी केली, तर आरशात जे जसे दिसते ते त्याच मापाने चित्रात उतरवता येते. ६० बाय ५० चा आरसा, ६० बाय ५० ची फळी. आरशाची कड म्हणजे चित्राची कड. मोजमापाची निम्मी कटकट तिथेच संपते.

पूर्ण आकाराचे डोके रंगवायचा मोह आवरावा. १२० सेंटीमीटरवरून आरशात पाहताना आपण खरे तर २४० सेंटीमीटरवरचा माणूस पाहत असतो. तेवढ्या अंतरावरून पापण्यांचे केस दिसत नाहीत. मोठ्या डोक्यात रिकाम्या राहिलेल्या जागा मग पाठांतराने भरल्या जातात आणि चेहरा बाहुलीसारखा होतो.

उजव्या हाताने रंगवणाऱ्यांनी खिडकी डावीकडे, आरसा मधे आणि फळी आरशाच्या उजवीकडे ठेवावी. हात आरशाच्या आड येत नाही आणि हाताची सावली रंगावर पडत नाही. डावखुऱ्यांनी हेच उलट करावे. खिडकी तुमच्या किंचित पुढे, आरशाच्या बाजूला असावी, म्हणजे चेहऱ्याला तिरपा उजेड मिळेल. फळीवर चकाकी येत असेल तर तिची वरची कड दोन-तीन अंश पुढे झुकवा. उभे राहायची जागा आरशापासून १२० सेंटीमीटरवर ठरवून पावलांभोवती जमिनीवर चिकटपट्टी लावा. पाहायचे ते याच जागेवरून. ब्रश टेकवायला पुढे जा, पुन्हा मागे या, मगच पुढचा निर्णय घ्या. फळीला नाक लावून आरशात डोकावले की माप लगेच बिघडते.

डोके दर बैठकीला त्याच जागी येण्यासाठी काचेवर नाकाच्या टोकाशी आणि एका कानाच्या पाळीशी जुळणारे दोन बारीक ठिपके करावेत. दोन्ही जुळले की डोके जागेवर आले. हे केले नाही तर डोके कळत-नकळत फळीच्या बाजूला वळत जाते, आणि तिसऱ्या बैठकीला एक डोळा पहिल्या दिवसाचा आणि दुसरा तिसऱ्या दिवसाचा असा चेहरा तयार होतो.

उजेड

लंडन-डब्लिनच्या स्टुडिओत उत्तरेची खिडकी वर्षभर चालते, कारण तिथे दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला असतो. आपल्याकडे हा नियम तसाच्या तसा लागू होत नाही. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य माध्यान्हीलाही डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळचे ऊन उत्तरेच्या खिडकीतून थेट आत येते. तेव्हा खिडकीला ट्रेसिंग पेपर चिकटवावा, किंवा आत्मचित्रासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. पावसाळी ढगांचा उजेड फार सुरेख असतो, पण तासातासाला बदलतो आणि त्या दिवसांत रंगही लवकर वाळत नाही.

एकच खिडकी उघडी ठेवा, बाकीच्या झाका. दिवा लावूच नका. पिवळा दिवा आणि निळसर आकाश एकत्र आले की सावलीत दोन रंग दिसतात आणि कुठला खरा ते ठरत नाही. रोज एकाच वेळी, दोन ते अडीच तासांची बैठक; अशा आठ बैठका धरून चाला.

फळीची तयारी

फळीवर ब्रशचा फटकारा कडक आणि स्पष्ट उमटतो. ६ मिलिमीटरचा चांगला वॉटरप्रूफ प्लाय घ्या. एमडीएफ गुळगुळीत असतो, पण त्याच्या कडा कोकण-मुंबईच्या दमटपणात फुगतात. घेतलाच तर कडांना जादा थर द्या. कडा घासून ॲक्रिलिक जेस्सोचा (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या लेपाचा) पहिला हात वीस टक्के पाणी घालून द्यावा, म्हणजे तो लाकडात मुरतो. त्यावर तीन हात, एक उभा तर पुढचा आडवा. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे, आणि घासताना मास्क लावावा. मागच्या बाजूला दोन हात दिलेच पाहिजेत. एकाच बाजूने लेप दिलेली फळी दुसऱ्या बाजूने ओल पिते आणि पावसाळ्यात धनुष्यासारखी वाकते.

पांढऱ्याशुभ्र फळीवर छटा जोखता येत नाहीत, सगळेच काळे वाटते. म्हणून रॉ अंबर आणि चिमूटभर अल्ट्रामरीन टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे लावावे आणि सुती फडक्याने पुसून घ्यावे. मधल्या उजेडाचा करडा-तपकिरी थर राहतो. दोन दिवस वाळू द्या.

रंग आणि ब्रश

आठ रंग पुरतात: टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड, अलिझरिन क्रिमझन, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, अल्ट्रामरीन ब्लू आणि आयव्हरी ब्लॅक. पांढऱ्याची ४० मिलिलिटरची पूर्ण ट्यूब लागेल, बाकीचे प्रत्येकी पाच-दहा मिलिलिटर. ऑर्पेनच्या काळातला पांढरा प्रामुख्याने शिशाचा होता. तो विषारी आहे, घरात आणू नये. टिटॅनियम व्हाइट त्याच्यापेक्षा अधिक झाकणारा आणि थंड, म्हणून तो नेहमी कमी वापरावा. कॅडमियमचा वाळलेला थर कोरडा घासू नये, धूळ श्वासात जाते.

ब्रश डुकराच्या केसांचे, चपटे: १२, ८ आणि ४ नंबरचे दोन-दोन. उजेडाला एक आणि सावलीला एक, नाहीतर सगळे चिखल होते. शिवाय डोळ्यांसाठी ४ नंबरचा एक मऊ गोल ब्रश. पॅलेट तपकिरी किंवा करडे असावे, पांढरे नको.

मांडणी: चेहऱ्याआधी खोली

‘रेडी टू स्टार्ट’मधल्या बाटल्या शोभेसाठी आलेल्या नाहीत. पाहणारा आणि माणूस यांच्यामध्ये त्या एक अंतर तयार करतात. नजर टेबलावरून चालत जाऊन माणसापर्यंत पोचते. हेच आपल्या घरात करायचे असेल तर आरसा आणि आपण यांच्यामध्ये, पण आपल्या जवळ, बुटके टेबल ठेवा आणि त्यावर तीनच वस्तू मांडा: एक उंच आणि पारदर्शक, एक आडवी, एक बुटकी. बाटली, पुस्तक, वाटी एवढे भरपूर झाले. वस्तू दोनदा दिसते, एकदा खरी आणि एकदा आरशात. रंगवायची ती फक्त आरशातली. टेबल आरशाला अगदी चिकटवले तर खऱ्या वस्तू आरशाचा खालचा भाग झाकतात आणि दोन्ही प्रतिमांची सरमिसळ होते.

ऑर्पेनला आरशाच्या या खेळाची ओढ तरुणपणापासून होती. १९०० च्या ‘द मिरर’मध्ये, जे आज लंडनच्या टेट संग्रहात आहे, खुर्चीवर बसलेल्या मुलीमागच्या भिंतीवर एक गोल फुगीर आरसा टांगलेला आहे आणि त्यात तो स्वतः इझलपाशी इवलासा दिसतो. पंधराव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार यान व्हान आयक याच्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रातही मागच्या भिंतीवर असाच फुगीर आरसा आहे; त्या चित्राला दिलेली ती दाद आहे. ते चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीतच असल्याने स्लेडच्या विद्यार्थ्यांना चालत जाऊन पाहता येई.

आरशाची चौकट किंवा तिच्यात खोचलेला कागद चित्रात घ्यायचा असेल तर एक अडचण समजून घ्या. कागद १२० सेंटीमीटरवर आहे, चेहरा २४० वर. डोळा दोन्हीवर एकदम स्थिरावू शकत नाही. म्हणून एक ठरवा: चेहरा नीट दिसत असताना कागद जसा पुसट दिसतो तसाच पुसट रंगवायचा, किंवा कागदाची एकच कड धारदार ठेवून काचेची पातळी सुचवायची. दोन्ही सारखेच धारदार केले तर काच नाहीशी होते आणि कागद माणसाच्या अंगावर चिकटल्यासारखा दिसतो.

टोपी, पागोटे किंवा फेटा घालावा का? घालावा, फार मदत होते. टोपीच्या काठाची सावली कपाळ आणि डोळे एका गडद पट्ट्यात जोडते आणि उजेड गाल-नाक-हनुवटीवर गोळा करते. दोन मोठे आकार मिळाले की चेहऱ्याचे अवघड काम अर्धे झाले.

रंगाला हात लावण्याआधी आगपेटीच्या दुप्पट आकाराची चार-पाच लहान स्केचेस कोळशाने करा, फक्त तीन छटांत: काळी, मधली, कागदाचा पांढरा. ज्या स्केचमध्ये खोलीभरच्या लांबीवरूनही माणूस ओळखू येतो ते घ्या. इथे घाई केली तर पुढे कितीही चांगला चेहरा रंगवला तरी चित्र वाचत नाही.

रेखाटन आणि पहिला थर

रॉ अंबर टर्पेंटाइनने चहाइतका पातळ करून ८ नंबरच्या ब्रशने सुरुवात करा. आधी डोक्याचा माथा, हनुवटी, खांद्यांची तिरकी रेषा, टेबलाची कड आणि खिडकीची उभी कड. एवढ्या पाच खुणा आरशाशी ताडून जुळल्या की मगच पुढे जा. ताडण्यासाठी आडवा ब्रश धरून आरसा आणि फळी दोन्हींवर एकाच पातळीत फिरवला की फरक लगेच कळतो.

मग सावल्यांचा एकसंध आकार. डोळ्याची खाच, नाकाची बाजू, गालाखालची सावली, मानेची सावली हे वेगवेगळे तुकडे नाहीत. डोळे किलकिले करून पाहिले की ते एकमेकांत मिसळलेले दिसतात. तसेच भरा. उजेडाच्या जागी फडक्याने रंग पुसून खालचा थर दिसू द्या. पहिल्या दोन बैठकांत एवढेच. डोळ्यांत बुबुळ काढायचा मोह इथे टाळावा.

हमखास होणाऱ्या चुका याच टप्प्यावर दुरुस्त करा. डोळे डोक्याच्या (हनुवटी ते माथा) उंचीच्या मध्यावर असतात, पण लक्ष डोळ्यांवर असल्याने आपण ते वर सरकवतो आणि कपाळ आखूड होते. कानापासून डोक्याच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर कमी पडते, कारण ती मागची बाजू कंटाळवाणी वाटते. मान खांद्यांच्या मधोमध सरळ खांबासारखी काढली जाते. ती खरी तर पुढे झुकलेली असते. चूक दिसत नसेल तर हातातल्या दुसऱ्या छोट्या आरशात फळी उलटी पाहा. जे इतका वेळ डोळ्यांना सवयीचे झाले होते ते एकदम खटकेल.

मोबाईलचा सेल्फी संदर्भाला घेऊ नका. ३०–४० सेंटीमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक फुगते आणि कान मागे पडतात. तो चेहरा आरशातल्या चेहऱ्याशी कधीच जुळत नाही.

रंगाचा थर

आरसा प्रकाशाचा थोडा भाग गिळतो आणि साध्या काचेचा आरसा किंचित हिरवट झाक देतो. पांढऱ्या कागदाचा एक तुकडा हातात आणि तोच आरशात, असे शेजारी पाहा. जो फरक दिसेल तेवढा लालसरपणा त्वचेच्या मिश्रणात वाढवावा लागतो. आत्मचित्रातले चेहरे आजारी दिसण्याचे एक साधे कारण हेच असते.

ऑर्पेनचा वर्ण गोरा-गुलाबी; त्याच्या रंगमिश्रणाच्या पाककृती आपल्या त्वचेला लागू पडत नाहीत. गव्हाळ ते सावळ्या त्वचेसाठी उजेडाचा पाया यलो ऑकर दोन भाग, बर्न्ट सिएना एक भाग, पांढरा अर्धा ते एक भाग. उजेड वाढवताना पांढऱ्यासोबत ऑकरही वाढवा, नुसता पांढरा घातला की त्वचा खडूसारखी होते. मधली छटा बर्न्ट सिएना, ऑकर आणि टोचाभर अल्ट्रामरीन यांची. सावलीत पांढरा घालूच नका: बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, थोडे अलिझरिन. गाल, नाक आणि कान यांच्या पट्ट्यात कॅडमियम रेडचा अंश, जबड्याच्या पट्ट्यात अल्ट्रामरीनचा. सावळ्या त्वचेवर चकाकी आकाशाच्या रंगाची, थंड आणि स्वच्छ दिसते, आणि तीच चेहऱ्याला जिवंत करते. पण ती शेवटच्या बैठकीसाठी राखून ठेवा.

पाच ढीग आधी मिसळून ठेवावेत: दोन उजेडाचे, एक मधला, दोन सावलीचे. मग १२ आणि ८ नंबरच्या ब्रशने पॅच लावत जा. एक पॅच लावला की त्याला पुन्हा चोळू नका. पार्श्वभूमी, टेबल, कोट आणि चेहरा एकाच बैठकीत थोडेथोडे पुढे न्या. चेहरा पूर्ण करून मागे भिंत भरली तर डोक्याभोवती कापल्यासारखी कड राहते.

थरांचा नियम मोडू नका. पहिला थर नुसत्या टर्पेंटाइनचा, दुसरा ट्यूबमधून निघेल तसा, तिसऱ्याला रंगाच्या गोळ्यामागे दोन-चार थेंब लिनसीड तेल आणि टर्पेंटाइन समसमान. तेलकट थरावर कमी तेलाचा थर दिला तर वरचा आधी कडक होतो, खालचा नंतर हलत राहतो आणि भेगा पडतात. आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरिन फार सावकाश वाळतात, म्हणून खालच्या थरात ते जाड लावू नयेत. रॉ अंबर सर्वांत लवकर वाळतो, त्यामुळे पायाला तोच बरा.

डोळे, हात, कडा

डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा नसतो. टोपीच्या सावलीत तो गालापेक्षाही गडद असू शकतो, करडा-तपकिरी ठेवा. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली जातो. पूर्ण गोल दिसला की नजर दचकल्यासारखी होते, आणि आत्मचित्रात हे फार घडते, कारण रंगवताना आपण खरोखरच डोळे ताणून पाहत असतो. पाच मिनिटांनी एकदा डोळे मिटा, सैल करा, मग पुन्हा पाहा. डोळ्यातला ठिपका खिडकीच्या आकाराचा आणि खिडकीच्या बाजूचा, दोन्ही डोळ्यांत सारख्याच जागी. एकच स्पर्श.

ब्रश धरलेला हात आरशात सतत हलतो आणि उजवा हात डावा दिसतो. सोपा मार्ग म्हणजे मोकळा हात टेबलावर टेकवून तोच रंगवायचा. कोटाची बटणेही उलट्या बाजूला दिसतील. ती तशीच राहू द्या. आरसा रंगवतोय म्हटल्यावर उलटेपणा ही चूक नाही. दोन आरसे काटकोनात जोडून सुलटी प्रतिमा मिळते खरी, पण जोडाची रेघ चेहऱ्यावरून जाते आणि सवयीच्या उलट डोके हलताना दिसून हात गोंधळतो.

कडांवर शेवटची पूर्ण बैठक खर्च करा. चेहऱ्याची उजेडाकडची एक कड आणि बाटलीवरची एक चकाकी धारदार. केस, सावलीतला खांदा, कान आणि मागची भिंत हे कोरड्या ब्रशने एकमेकांत हलके मिसळलेले.

वाळवणे आणि जपणे

लिनसीड तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन कडक होते, पाण्यासारखे उडून जात नाही. म्हणून चित्र बंद कपाटात ठेवले तर वाळत नाही, शिवाय अंधारात तेल पिवळट पडते. उजेडाच्या, हवेशीर खोलीत भिंतीपासून दोन बोटे पुढे टांगावे. काही गडद जागा वाळल्यावर मेणचट-निस्तेज दिसतील. खालच्या थराने तेल शोषलेले असते. तिथे लिनसीडचा अगदी पातळ हात चोळून लगेच कोरड्या फडक्याने पुसून टाकावा.

तेलात भिजलेली फडकी गोळा करून टाकू नयेत. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यात बुडवावीत, किंवा एकेक पसरून दोरीवर वाळवावीत.

वार्निशची घाई नको. पातळ थरांना सहा महिने, जाड फटकाऱ्यांना वर्ष. हिवाळ्यात केलेले चित्र पुढच्या हिवाळ्यात, हवा कोरडी असताना वार्निश करावे. पावसाळ्यात केले तर ओल आत अडकून दुधी पडदा येतो. पहिल्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी फळीची मागची बाजू तपासा. बुरशीचे ठिपके दिसले तर कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर झटका आणि चित्र पंख्याच्या वाऱ्यात आणा. ओले फडके रंगावर फिरवू नका.